टूलला काही सापडलं नाही म्हणजे प्रोग्राम सुरक्षित?

सीटीएफची, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधून ‘फ्लॅग’ नावाची लपवलेली ओळ मिळवायच्या हॅकिंग स्पर्धेची, तयारी करणाऱ्या आमच्या धाकट्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय. तो वाचून काहींनी असेंब्लीचा (प्रोसेसरच्या सूचना वाचायच्या भाषेचा) अभ्यास बाजूला ठेवला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचं म्हणणं असं: आपोआप एक्स्प्लॉइट (चुकीचा फायदा घेणारं इनपुट) बनवणारी टूल्स आली आहेत, बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) द्या, एक कमांड मारा, फ्लॅग हातात, असेंब्ली आणि जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत बघायचं टूल) शिकण्यात वेळ घालवू नका, २०१६ मध्येच यंत्रांनी माणसांना हरवलंय, टूलला काही सापडलं नाही तर प्रोग्राम सुरक्षित समजा, आणि हे कुठल्याही सर्व्हरवर चालतं.

सुरक्षिततेचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होणार आहे. झेराटूलसारखी एक्स्प्लॉइट बनवणारी टूल्स आतून अँगर हे बायनरी तपासणारं टूल वापरतात. अँगर इनपुटचा प्रत्येक बाइट अज्ञात धरतं आणि जिथे अट येते तिथे दोन्ही वाटा धरून पुढे जातं. एखादा लूप ३२ बाइट एकेक करून तपासत असेल आणि प्रत्येक बाइटला दोन वाटा फुटत असतील, तर एकूण वाटा होतात ४२९ कोटींच्या वर. मेमरी संपते, ठरलेली वेळ संपते, टूल रिकाम्या हाताने परत येतं. त्याचा अर्थ एवढाच, की सगळं तपासून झालेलं नाही.

हीपचं, म्हणजे प्रोग्राम चालताना मागून घेतो त्या मेमरीचं, तर याहून वाईट आहे. वेग मिळावा म्हणून अँगर लिबसीची (सी भाषेच्या मूळ लायब्ररीची) बरीच फंक्शन्स खरी चालवतच नाही, पायथनमध्ये लिहिलेली त्यांची सोपी नक्कल वापरतं. मूळ सेटिंगमध्ये हीपची नक्कल इतकी साधी आहे की फ्री केलेली जागा मोकळीच होत नाही. आता नोट बनवा, खोडा, दाखवा, बदला असा मेन्यू असलेलं नेहमीचं चॅलेंज घ्या. खोडल्यावर पॉइंटर (त्या जागेचा जपलेला पत्ता) शून्य करायचा राहिलाय. खऱ्या लिबसीत तोच तुकडा पुढच्या मॅलोकला (नवी जागा मागणाऱ्या कॉलला) परत मिळतो आणि एकाच जागेवर दोन नोटांचा ताबा येतो. नकलेत ही घटना घडतच नाही. डिसअसेंब्ली वाचणाऱ्याला पाच मिनिटांत दिसणारी चूक, आणि टूल गप्प. हे गप्प बसणं कुणी खऱ्या प्रोग्रामच्या तपासणीत दाखला म्हणून धरलं तर?

असेंब्ली-जीडीबी नको, यात थोडं तथ्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. कॅनरी (स्टॅकवरची पहारा देणारी किंमत) नाही, पीआयई (प्रोग्रामचे पत्ते दर वेळी बदलणारं संरक्षण) बंद, लांबी न तपासणाऱ्या गेट्सने वाचलेला बफर आणि फ्लॅग छापणारं फंक्शन तयार, असं चॅलेंज टूल खरंच सोडवतं. पासवर्ड तपासणाऱ्या छोट्या क्रॅकमीत अँगर उत्तमच, विशेषतः तपासणीच्या फंक्शनपासूनच सुरुवात करून दिली आणि इनपुटची लांबी बांधून दिली तर. पण ते फंक्शन कुठलं, हे असेंब्ली वाचूनच कळतं.

याच्या एक पाऊल पुढे गेलं की काय होतं ते बघा. ६४ बिटची बायनरी. ऑफसेट (परतीच्या पत्त्यापर्यंतचं अंतर) बरोबर, आरडीआय (फंक्शनला पहिली किंमत देणारा रजिस्टर) भरणारं गॅजेट (प्रोग्राममधलाच सूचनांचा तुकडा) बरोबर, शेलच्या स्ट्रिंगचा आणि सिस्टिम या फंक्शनचा पत्ताही बरोबर. आपल्या मशीनवर शेल मिळतो, सर्व्हरवर सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. सर्व्हरवरची लिबसी घेऊन तोच पेलोड (पाठवलेलं इनपुट) जीडीबीखाली चालवला की दिसतं, प्रोग्राम सिस्टिमच्या आत मूव्हॅप्स या सूचनेवर पडलाय आणि आरएसपीचा (स्टॅकच्या टोकाचा पत्ता धरणाऱ्या रजिस्टरचा) शेवटचा हेक्स अंक ८ आहे. मूव्हॅप्सला १६ ने भाग जाणारा पत्ता लागतो. सिस्टिमच्या आधी नुसत्या रेट या सूचनेचं एक गॅजेट घाला, स्टॅक ८ बाइट सरकतो, काम होतं. जीडीबी न येणारा माणूस इथे पत्ता चुकला असं समजून ऑफसेट बदलत बसतो.

लिबसीच्या आवृत्तीचंही तसंच. २.२९ पासून टीकॅशमधला (मोकळ्या तुकड्यांच्या यादीतला) सरळसोट डबल-फ्री, म्हणजे एकच तुकडा दोनदा मोकळा करणं, पकडला जातो, २.३२ पासून यादीतले पॉइंटर झाकलेले असतात, २.३४ मध्ये मॅलोक आणि फ्रीचे हुक (मध्ये आपलं फंक्शन घालायच्या जागा) निघाले. जुन्या युक्त्यांवर बेतलेलं टूल तिथे थांबतं. म्हणून चॅलेंजसोबत लिबसी दिली असेल तर आधी पॅचएल्फ या टूलने ती बायनरीला जोडा, मग पुढचं.

आता २०१६. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या सायबर ग्रँड चॅलेंजच्या अंतिम फेरीत सात यंत्रं एकमेकांशी लढली, माणसं समोर नव्हतीच. त्यातलं मेहेम जिंकलं, २० लाख डॉलर मिळाले. लगेच डेफ कॉन या हॅकर संमेलनाच्या सीटीएफ अंतिम फेरीत ते १४ मानवी संघांविरुद्ध उतरलं आणि १५ वं, म्हणजे शेवटचं आलं. ग्रँड चॅलेंजसाठीची प्रणालीही मुद्दाम साधी बनवलेली होती: फक्त सात सिस्टिम कॉल (प्रोग्रामने प्रणालीला करायच्या विनंत्या). लिनक्सवर ते तीनशेच्या वर आहेत. मेहेमचं काम मोठंच होतं, पण या मेसेजमधला दावा त्यातून निघत नाही.

राहिला कुठल्याही सर्व्हरचा मुद्दा. या टूल्सना बायनरीची फाइल लागते, नुसत्या पत्त्यावर ती काही करू शकत नाहीत. आणि परवानगी नसलेल्या सर्व्हरवर पेलोड पाठवणं हा गुन्हा आहे. शिकणाऱ्या मुलांना हे न सांगता असा मेसेज पुढे ढकलू नका.