सगळं ठाऊक असलेला माणूस

काल कट्ट्याची फरशी ओली, म्हणून सगळे बंद दुकानाच्या शटरला टेकून उभे. वहिनींनी भाजीच्या पिशवीतून पुस्तक काढलं. अनिता श्रीव्हची कादंबरी 'द पायलट्स वाइफ', १९९८ सालची. वैमानिक जॅकचं विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटतं. मागे अमेरिकेत बायको कॅथरिन आणि १५ वर्षांची मुलगी. मग हळूहळू कळतं, लंडनमध्ये त्याचा दुसरा संसार आहे, दोन मुलांसकट.

"त्यात नवीन काय?" बापू म्हणाले. "आमच्या डेपोत दोन गावांत दोन चुली मांडलेले तिघं होते."

"त्या लंडनवालीला कॅथरिन ठाऊक होती. कॅथरिनला काहीच नाही. मग खरी बायको कोण?"

"पहिली!" वकील लगेच. "१९५५चा हिंदू विवाह कायदा..."

"अहो, ते ख्रिश्चन आहेत, तेही तिकडचे!"

वकील गप्प. असे प्रसंग आमच्याकडे क्वचित येतात.

मला वेगळीच गोष्ट खुपली होती. जॅकनं बायकोला सांगितलं होतं, आई वारली. ती जिवंत, वृद्धाश्रमात. दुसरं घर माणूस का लपवतो ते कळतं, पण आई लपवून काय मिळवलं? कॅथरिन रडतेय ती नेमकी कुणासाठी, हाच प्रश्न पडतो. वहिनींना हे पटेना. त्यांचा राग रॉबर्टवर. वैमानिकांच्या युनियनचा हा माणूस अपरात्री दार वाजवून बातमी देतो, पुढे तिचा आधार होतो. आणि जॅकबद्दल संशय त्याला आधीपासूनच!

"तोही लपवणाराच," वहिनी म्हणाल्या. "आधार कसला!"

"त्यानं काय करायचं होतं?" बापू एकदम चढ्या आवाजात. "दुसऱ्याच्या घरातलं आपण होऊन सांगायचं? नवरा गेलेल्या बाईला?"

"सांगायचं. ती अंगठी समुद्रात टाकते शेवटी. चार दिवस आधी टाकली असती."

"बोलायला सोपं आहे, वहिनी."

वहिनींनी पुस्तक मिटलं. "बापूभावजी, तुमच्या डेपोतल्या त्या तिघांच्या बायकांना माहीत होतं?"

"दोघींना होतं."

"आणि तिसरीला?"

बापू छत्री उघडायला लागले. पाऊस थांबून पंधरा मिनिटं झाली होती.