बंब वेळेवर पोहोचू नये म्हणून काय काय करावे

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत आग लागली. बी विंग, नववा मजला, एसीच्या वायरिंगमुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो असा : 'बंब यायला पंचवीस मिनिटं लागली. टॅक्स कशाला भरतो आपण?' खाली एकोणतीस अंगठे. त्या वेळी ज्यांची पांढरी गाडी गेटच्या आत आडवी उभी होती, त्यांचाही अंगठा त्यात होता.

बंब सात मिनिटांत आला होता. मी गॅलरीत उभा राहून घड्याळ बघत होतो. उरलेली अठरा मिनिटं तो आमच्याच गेटवर उभा होता. एवढं यश एका रात्रीत मिळत नाही, त्यामागे कमिटीची पंचवीस वर्षांची मेहनत आहे. उपनगरातल्या इतर सोसायट्यांनाही तिचा लाभ व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात कमानीपासून करा. रौप्यमहोत्सवाचं निमित्त काढा, घरटी वर्गणी काढा आणि गेटवर आरसीसीची कमान बांधा. वर दोन हत्ती, मध्ये गणपती, खांबांवर देणगीदारांची नावं. उंचीसाठी चेअरमनच्या एसयूव्हीचं माप घ्या. बंबाचं माप घेऊ नका. तो काही रोज येत नाही.

मग एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह साजरा करा. जवानांना सकाळी दहाला बोलवा आणि बाराला कार्यक्रम सुरू करा. आमच्याकडे आलेले अधिकारी कमानीखाली थांबले, मान वर करून बघितलं आणि म्हणाले, 'साहेब, ही खाली आहे हो. मोठी गाडी आत येणार नाही.' सेक्रेटरी म्हणाले, 'बघू ना आपण, बघू. तुम्ही सामोसा घ्या.'

त्या कार्यक्रमात 'आपल्या अग्निशमन दलाचा इतिहास' यावर पाच मिनिटं बोलायला मला सांगितलं होतं. दीड मिनिटात चिठ्ठी आली, कारण पुढे हाऊजी होती. उरलेलं भाषण वाया कशाला घालवू? १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. घराला घर चिकटलेलं, गल्ल्या अरुंद. आग विझल्यावर इंग्रजांनी कोटाबाहेरची मोकळी जागा वाढवली. त्यांना अक्कल यायला एक आग पुरली. १८५५ च्या सुमाराला आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं, घोडे पंप ओढायचे. १८८८ च्या कायद्याने ते काम महापालिकेच्या अंगावर आलं. १९०७ मध्ये मोटारीचा पहिला बंब आला. (घोडाच राहिला असता तर आमच्या कमानीखालून सहज गेला असता. प्रगती नडली.) १९५० आणि १९५७ साली उपनगरं मुंबईत आली आणि भायखळ्याच्या दलाच्या डोक्यावर पार दहिसर-मुलुंडपर्यंतची घरं बसली. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, म्हणजे पंप. आपण मारतो त्या बोंबेशी त्याचं नातं नाही. आमच्या ग्रुपवर मात्र आहे.

असो. पुढची सूचना. गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली मे महिन्यात गावाला जाणाऱ्या माणसाकडे द्या.

होजच्या लाल पेटीत झाडू ठेवा. पितळी नोझल असेल तर काळजी नको, ते आपोआप नाहीसं होतं.

फायर पंपाचा स्विच ऑटोवर ठेवू नका, रात्री-अपरात्री चालू होऊन तळमजल्यावाल्यांची झोपमोड होते.

फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. आगीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून तो द्यावा लागतो. एजन्सी निवडताना गुडघेदुखीचा माणूस बघा. आमचा ऑफिसात बसतो, चहा घेतो, सही करतो आणि जातो. पंधरा मजले, चार विंग, एक कप चहा. आगीच्या रात्री नवव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह फिरवला तेव्हा आतून पाणी नाही, एक पाल बाहेर पडली. फॉर्म बी मात्र ऑफिसात फ्रेम करून लावलेला आहे, तो आगीत जळू नये अशा जागी.

आता पार्किंग. इथे खरं कौशल्य लागतं. बंबासाठी इमारतीलगत सहा मीटर जागा मोकळी हवी, असं नकाशात असतं. नकाशात असू द्या. जमिनीवर पिवळे पट्टे मारा आणि त्या जागेला 'व्हिजिटर पार्किंग' म्हणा. मग 'तात्पुरतं' म्हणा. मग 'काकांच्या मुलीचं लग्न होईपर्यंत' म्हणा. लग्न होतं, मुलगी सासरी जाते, जावयाची गाडी राहते. गाडी हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून लावा आणि काचेवर जो नंबर लिहाल तो जुना लिहा. वॉचमनने इंटरकॉम केला तर उचलू नका. त्या रात्री वॉचमन सी विंगमध्ये तीन मजले धावत जाऊन बेल वाजवत होता आणि आतून आवाज आला, 'सकाळी बघू!' सकाळी? वर एक बाई खिडकीच्या ग्रिलमधून हात बाहेर काढून ओरडत होती आणि तुम्ही सकाळी काय बघणार होतात? शेवटी सहा जवानांनी ती गाडी हातांनी ढकलत, उचलत बाजूला केली. लहान गाडी कशीबशी आत घेतली. मोठी रस्त्यावरच राहिली. तिथून होजला होज जोडत ते नवव्या मजल्यावर जिन्याने चढले, जिन्यात तुमच्या चपलांचे स्टँड आणि मुलांच्या सायकली ओलांडत. आजींना पाठीवर घेऊन खाली आणलं. ज्याने आणलं, तो आमच्या बाकावर बसला, हेल्मेट काढलं, केसांतून वाफ निघत होती. माझ्याकडे पाणी मागितलं. आजूबाजूला चाळीस लोक होते. सगळ्यांच्या हातात फोन होते, बाटली एकाच्याही हातात नव्हती.

अजून दोन-चार सूचना लिहून ठेवल्या होत्या. रेफ्युज एरियातल्या, म्हणजे आगीत आसऱ्याला मोकळ्या ठेवायच्या जागेतल्या, जिमबद्दल एक झकास परिच्छेद होता. राहू दे.

कारण चौदा एप्रिलला तुम्ही जवानांना शाल घातलीत ती कशासाठी, हे तुम्हाला माहीत तरी आहे का? १४ एप्रिल १९४४, मुंबई बंदरातलं व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन' बोट. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरला होता. पेटलेलं जहाज विझवायला गेलेले दलाचे ६६ जण त्याच्या स्फोटात गेले. माझ्या भाषणात हेच पुढे येणार होतं आणि तुम्हाला हाऊजीची घाई होती. २०१४ साली अंधेरीत काचेने मढवलेल्या इमारतीच्या आगीत दलाचे जवान नितीन इवलेकर गेले. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गल्लीत लागलेल्या आगीपायी दलाने चार अधिकारी गमावले, प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतले एक. साहेब माणूस, मागे उभा राहून हुकूम सोडू शकला असता. २०२३ च्या ऑक्टोबरात गोरेगावात पार्किंगमधल्या गाड्या आणि कापडाची गाठोडी पेटली आणि धूर वर चढला. झोपलेली माणसं त्यात गेली. पार्किंगच होतं ते. तुमच्यासारखंच.

आणि तुम्ही अंगठे देताय. पंचवीस मिनिटं म्हणे! मोजायची तर नीट मोजा ना. सात त्यांची, अठरा तुमची. आधी गाडी काढा तिथून. जिना मोकळा करा. त्या पंपाचा स्विच आज, आत्ता खाली जाऊन ऑटोवर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. चपला घरात ठेवता येतात, लोक ठेवतात.

ढकलताना पांढऱ्या गाडीचा साइड मिरर तुटला. मालकांनी कमिटीला पत्र दिलंय, भरपाई हवी. रविवारी त्यासाठी खास सभा बोलावली आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय आरसा. कमान 'ऐनवेळच्या विषयां'त तरी घेणार का, म्हणून मी ऑफिसात विचारून आलो. सेक्रेटरी म्हणाले, 'बघू.'