पृथ्वीच्या वतीने उत्तर कोण देणार?

गेल्या रविवारी नागपूरहून मामांचा फोन आला. परग्रहावरून संदेश आला तर उत्तर कोणी द्यायचं, यावर मी लिहितेय म्हटल्यावर ते उसळलेच. "इथं कापसाले भाव नाही, अन् तू त्याईची काळजी करून राह्यली?"

कापसाचं दुःख मी घरात पाहिलंय. तरी मामांनीच मला नागपूर करार शिकवला, म्हणून त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. २८ सप्टेंबर १९५३ ला त्यावर सह्या झाल्या. मराठी राज्यात सामील होण्यासाठी विदर्भाला दिलेलं ते वचन: लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या, शिवाय दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचं एक अधिवेशन. अधिवेशन होतं. बाकीच्यासाठी माणसं अजून भांडताहेत, कारण सह्या होत्या, पण कायद्याचा दंडक नव्हता.

मी राहते त्या व्हिएन्नात, डॅन्यूबपलीकडे, संयुक्त राष्ट्रांचं अंतराळविषयक कार्यालय आहे. शंभराहून जास्त देशांची समिती इथं सर्वसहमतीने निर्णय घेते, भारतही तिच्यात आहे. १९६७ च्या अंतराळ कराराचं नववं कलम दुसऱ्या ग्रहांवर घातक दूषण होऊ देऊ नका, तिकडून पृथ्वीवर काही अपायकारक आणू नका, असं बजावतं. संदेश आला तर काय, यावर त्यात अवाक्षर नाही. त्यासाठी आहे ती शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये केलेली आणि २०१० मध्ये सुधारलेली घोषणा: आधी खात्री करा, मग उघड सांगा, आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर देऊ नका. चांगलं आहे सगळं, पण बंधनकारक काहीच नाही.

१६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून १,६७९ बिट्सचा संदेश सुमारे २५,००० प्रकाशवर्षं दूरच्या तारकागुच्छाकडे गेला. कोणाला विचारून? १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती ऐकताना माझा ऊर भरून येतो. पण तीही एका अमेरिकी समितीने निवडली, आपण नाही.

इथले मित्र म्हणतात, उत्तर पोचायलाच हजारो वर्षं लागतील, घाई कसली? गेलेला संदेश परत बोलावता येत नाही, ही घाई. शिवाय नियम नसले की ज्याच्याकडे मोठी अँटेना त्याचाच शब्द चालतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदला आणि आसपास आपल्या ४५ मीटरच्या तीस अँटेना आकाश ऐकताहेत. परग्रहाचा सूर तिथंच पहिल्यांदा लागला तर तिथल्या शास्त्रज्ञाने फोन कोणाला करायचा, हे आज कुठल्याही आंतरराष्ट्रीय कायद्यात लिहिलेलं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या अंतराळ समितीच्या कायदेविषयक उपसमितीत भारताने हा विषय मांडावा. उत्तर देण्याआधी सगळ्या देशांची संमती हवी, ही अट करारात यावी, घोषणेत नव्हे.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथं आपल्याकडून कोण बसते?"

परराष्ट्र खात्याची आणि इस्रोची माणसं, मी सांगितलं.

"मंग त्याईले आपल्या कराराची गोष्ट सांगजो."