सतरावी गाडी की अठरावी?

वाद पेटला तो बाळ्याच्या मोबाइलवरून. वाहनांचा वेग मोजायच्या कामावर तो नवीनच लागलाय. त्या दिवशी मोजलेल्या २० गाड्यांचे वेग त्याने एक्सेलमध्ये टाकले आणि ८५ वा पर्सेंटाइल काढला, म्हणजे १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो वेग. एका सूत्राने ४९.४५ दिलं, दुसऱ्याने ५१.५५.

"दोन्ही सूत्रांचं नाव पर्सेंटाइलच. एकाला पुढे आयएनसी, दुसऱ्याला ईएक्ससी. मग खरं कुठलं?"

मास्तरांनी कागद घेतला आणि वेग चढत्या क्रमाने लिहून काढले. सतराव्या गाडीचा वेग ताशी ४९ किलोमीटर, पुढच्या तिघींचे ५२, ५७ आणि ६३. "२० चे ८५ टक्के म्हणजे १७. सतरावी गाडी ४९ ची. साधं उत्तर एवढंच."

"मग हे दशांश कुठून आले?"

"पहिल्या सूत्राने पहिल्यापासून शेवटच्या गाडीपर्यंतची १९ अंतरं धरली. त्यांचे ८५ टक्के १६.१५. पहिल्या गाडीपासून तेवढं पुढे गेलं की १७.१५ वी जागा येते. म्हणजे ४९ च्या पुढे ३ चा ०.१५ भाग, ४९.४५. दुसरं सूत्र दोन्ही टोकांच्या बाहेरही जागा सोडतं, म्हणून १९ ऐवजी २१ धरतं. त्याची जागा १७.८५ वी, म्हणून ५१.५५. चुकलं कोणीच नाही. हाइंडमन आणि फॅन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली अशा नऊ पद्धती एकत्र मांडल्यात."

नऊ ऐकून बाळ्याचा चेहरा उतरला. मला मात्र राहवेना. बरीच वर्षं रस्त्याकडेला उभं राहून मी हेच काम केलंय. म्हटलं, अरे, हा घोळ सूत्राचा नाही, २० गाड्यांचा आहे. सतरावी आणि अठरावी यांच्यात ३ किलोमीटरची फट आहे म्हणून सूत्रं भांडतायत. २०० गाड्या मोज, शेजारचे आकडे एकमेकांना चिकटतील आणि दोन्ही सूत्रं जवळपास एकच सांगतील. निदान १०० गाड्या तरी हव्यातच. अहवालात पद्धत कुठली ते लिही आणि सगळीकडे तीच वापर, की हा प्रश्न संपला.

नाना इतका वेळ गप्प होते. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस. "मला एक सांगा, वरचे पंधरा टक्के सोडायचेच का? धोका तर तेच करतात. नाहीतर सरळ सरासरी घ्या."

मास्तर म्हणाले, "सरासरी इथे ४३.६५ येते. आता ती ६३ वाली गाडी ९३ ने गेली असं धरा. सरासरी दीडने वर सरकेल, ४५.१५ होईल. एका माणसाच्या बेफामपणाने सगळ्यांचा आकडा हलला. पंच्याऐंशीवा मात्र होता तिथेच राहील."

"म्हणजे बेफाम माणूस दिसणारच नाही!"

इथे नानांचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हणालोही. हा आकडा इतकंच सांगतो की मोकळ्या रस्त्यावर १०० पैकी ८५ जण या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. वेगमर्यादा ठरवताना त्याचा आधार घेतात, कारण बहुतेक चालक रस्ता बघून स्वतःला झेपेल असाच वेग धरतात, असं त्यामागे गृहीत आहे. पण त्याच रस्त्याकडेला शाळा असेल तर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाची भीती या आकड्यात कुठेच येत नाही. गाडीतल्यांनी दिलेला कौल आहे तो, पायी चालणाऱ्यांना त्यात मत नाही. म्हणून आकडा नीट काढायचा, आणि त्याच्या एकट्याच्या जिवावर मर्यादा ठरवायची नाही. माझं हे मत ठाम आहे.

"मोकळ्या रस्त्यावर म्हणजे?" बाळ्याने विचारलं.

हाच प्रश्न मला हवा होता. समज, एक ट्रक ४० ने चाललाय आणि मागे दहा गाड्या अडकल्यात. तू अकरा वेग लिहिलेस. पण त्यातले दहा त्या चालकांचे नाहीतच, ते ट्रकचेच आहेत. रांगेतली फक्त पुढची गाडी घ्यायची. उलटी चूकही होते. माणसाची नजर जोरात जाणाऱ्या गाडीवर जाते, हात नकळत तिच्यावरच वेग मोजायची रडार बंदूक धरतो. म्हणून आधीच ठरवायचं, मोकळ्या चाललेल्या गाड्यांपैकी दर पाचवी, मग ती कशीही असो. आणि बंदूक धरायची कशी? रस्त्यापासून लांब, २० अंशांच्या कोनात उभा राहिलास तर ६० ने जाणारी गाडी ५६ च दिसते, कारण रडार फक्त आपल्या दिशेने येणारा वेग मोजतं. १० अंशांवर ती ५९ दिसते. ही चूक प्रत्येक गाडीला एकाच बाजूने लागते. हजार गाड्या मोजल्या तरी जात नाही.

बाळ्याने हळूच दुसरा तक्ता उघडला. सकाळी ३०० गाड्या, ८५ वा पर्सेंटाइल ४६. रात्री १००, पर्सेंटाइल ६२. खाली त्याने सरासरी मांडली होती, ५४.

"हे चालेल ना?"

"नाही," मास्तर आणि मी एकदमच बोललो.

मीही पूर्वी हेच करून एक अहवाल देऊन बसलोय, म्हणून जरा जोरात सांगितलं. एकूण ४०० गाड्या, म्हणजे खऱ्या आकड्याच्या वर ६० गाड्या हव्यात. सकाळच्यांपैकी ४६ च्या वर फक्त ४५ होत्या. त्यातल्या ५४ च्याही वर समज ४ असतील, रात्रीच्या ३६ असतील. मिळून ४०. म्हणजे तुझा ५४ हा पंच्याऐंशीवा नाही, नव्वदावा झाला.

"गाड्यांच्या संख्येप्रमाणे भार देऊन सरासरी काढली तर?" नानांनी विचारलं. मला मनापासून बरं वाटलं.

"५० येईल," मास्तरांनी तोंडीच हिशेब केला. "खऱ्याच्या जवळ असेल किंवा नसेल, भरवसा नाही. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. दोन रांगांतल्या जागा मिसळता येत नाहीत. माणसं एका रांगेत उभी करून पुन्हा मोजावं लागतं."

"आणि मिसळायच्या आधी," मी म्हटलं, "मिसळायच्यात का ते ठरव. सकाळचा रस्ता आणि रात्रीचा रस्ता एक नाही. मी तर दोन्ही आकडे वेगळेच देईन. ट्रक आणि दुचाक्यांचंही तेच."

बाळ्याने ५४ खोडला. मग म्हणाला, रात्रीचे सुटे वेग शीटमध्ये नाहीतच, फक्त पर्सेंटाइल उतरवून घेतलाय. मूळ नोंदवही दुसऱ्याकडे आहे.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "अजून उशीर झालेला नाही. फोन लाव त्याला."