समुद्रकिनारा कुठे राहतो?

मी मोबाईलवर फुकटात पोर्तुगीज शिकतोय, ही बातमी रेवदंड्याच्या वहिनीपर्यंत पोचली आणि नेमके तिच्या होमस्टेला लिस्बनचे एक आजोबा उतरले. तिथला कोट, म्हणजे जुना किल्ला, बघायला आलेले. १७४० साली रेवदंडा त्यांच्या लोकांच्या हातून मराठ्यांकडे गेला. उशिरा का होईना, चौकशीला आले असावेत.

आजोबांचं इंग्रजी जेमतेम, वहिनीचं पोर्तुगीज शून्य. ते फोनशी बोलायचे, फोन वहिनीशी मराठीत बोलायचा. पहिल्याच सकाळी फोनने विचारलं, "समुद्रकिनारा कुठे राहतो?"

वहिनीने मला फोन लावला. "भाऊजी, किनारा कुठे राहतो म्हणे! खोली घेतलीय का त्याने?"

सगळा घोळ 'फिकार' या क्रियापदाचा. मुक्काम करणं, एखादी जागा अमुक ठिकाणी असणं, दमून जाणं, वस्तू ठेवून घेणं, कपडा अंगाला शोभणं, सगळ्याला हेच. ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका शिपायासारखं. इंग्रजीत दर कामाला वेगळा शब्द: स्टे, बिकम, कीप, सूट. फोन बहुतेक वाटेत इंग्रजीच्या घरी चहा घेऊन मग आमच्याकडे यायचा. ब्राझीलमध्ये पोरंपोरी तेवढ्यापुरतं 'जमवतात' त्यालाही फिकारच म्हणतात. हे मी वहिनीला सांगितलं नाही.

संध्याकाळी लाईट गेली. काळोखात आजोबा फोनमध्ये पुटपुटले आणि फोन गंभीर आवाजात म्हणाला, "मी प्रकाशाशिवाय झालो आहे."

वहिनीचा गळाच भरून आला. "भाऊजी, यांची नजर गेली हो! अलिबागला न्यायचं का?" मी ओरडून सांगतोय, "अगं, लाईट गेली एवढंच म्हणतायत!" पण तोवर दादाने रिक्षा बोलावलेली. लाईट आली तेव्हा आजोबा रिक्षात बसलेले होते आणि फार खूश दिसत होते. त्यांना वाटलं, गाव दाखवायला नेतायत. उतरताना रिक्षावाल्याला नोट देऊन बोलले, तर फोन म्हणाला, "सुटे पैसे तुमच्याबरोबर राहोत." रिक्षावाल्याने आशीर्वाद समजून नमस्कार केला, आणि सुटे मोजून परत दिले.

दुसऱ्या दिवशी मात्र आजोबा खाडीपलीकडे कोर्लईला गेले. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून निपजलेली बोली अजून घरात बोलतात. 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, असं तिचं नाव. तिथे फोन खिशातच राहिला म्हणे. मला फार हायसं वाटलं.

पण न्हाणीघरातला नळ गळत होताच. प्लंबर येऊन बघून गेला. त्याच्या मागोमाग वहिनीचा फोन आला. मी घाईने विचारलं, "आजोबा काय म्हणाले? नेमके शब्द सांग."

"फोन म्हणाला, 'हे उद्यासाठी राहते.'"

"थांब, यात फिकार आहे, नीट अर्थ लावून—"

"अर्थ काय लावायचाय, भाऊजी? उद्यावर राहिलं. प्लंबर पण तेच बोलून गेलाय."