‘नागपुरात बसून’ : पोस्टअप किंग यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अ‍ॅलेक्स सारवरच्या मागच्या लेखाखाली ‘पोस्टअप किंग’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथे खाली उत्तर लिहायला घेतलं तर ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतो. लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सार म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझार्ड्सचा फ्रेंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस), २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसरा घेतलेला, आणि माझं म्हणणं एवढंच होतं की एका सीझनवरून त्याचा निकाल लावू नका, अजून दोन-तीन वर्षं द्या. त्यावर हे गृहस्थ लिहितात:

“अहो महाशय, सात फुटी माणूस ३९ टक्क्यांनी बॉल टाकतो आणि तुम्हाला त्यात पोटेन्शियल दिसतं. समर लीगमध्ये पंधरापैकी शून्य. रिबाउंडला कोणीही ढकलून देतं. हा उद्याचा वाइजमन आहे. नागपुरात बसून यूट्यूबवर हायलाइट्स बघून सेंटर कळत नसतो. आणि गोबेअर ३७ वा नाही, २७ वा होता. निदान तेवढं तरी तपासत जा.”

(समर लीग म्हणजे नव्या पोरांच्या उन्हाळ्यातल्या मॅच, वाइजमन म्हणजे २०२० मध्ये दुसरा घेतलेला आणि न चाललेला सेंटर, आणि गोबेअर म्हणजे उशिरा घेतलेला फ्रेंच सेंटर, ज्याचं उदाहरण मी मागच्या लेखात दिलं होतं.) आधी शेवटचं घेतो. गोबेअर २७ वाच. २०१३ चा ड्राफ्ट, सत्ताविसावा नंबर, बरोबर आहे तुमचं. दोनच्या जागी तीन दाबला गेला, दुरुस्त केलं, धन्यवाद. चूक दाखवली की मी मान्य करतो, इथे नेहमी येणाऱ्यांना ते माहीत आहे. फक्त त्या ‘निदान तेवढं तरी’ मधला ‘तरी’ पण दिसला बरं का मला.

आता ‘नागपुरात बसून’.

दादा, तुम्ही कुठले ते लिहिलं नाही, पण ‘अहो महाशय’ वरून थोडाफार अंदाज येतो. असो. वॉशिंग्टनची घरची मॅच तिकडे संध्याकाळी सातला सुरू होते, म्हणजे थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाच. डिसेंबरात नागपुरात पहाटे साडेपाचला काय गारठा असतो ते इथल्यांना विचारा. मी कानटोपी घालून, दुलई पांघरून, लॅपटॉपचा आवाज बंद करून हॉलमध्ये बसलेला असतो आणि आमच्या सौ. उठून विचारतात, काहून उठले एवढ्या लवकर, कोणाले स्टेशनवर आणायले जायचं आहे का. आणि पाहून कोणाला राहिलो? विझार्ड्सला! ८२ पैकी १८ जिंकलेली टीम! अहो, हायलाइट्स बघणारा माणूस विझार्ड्स बघतच नाही हो, त्यांचे हायलाइट्स असतात कुठे. त्या ६४ हारींपैकी तीसेक तरी मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पाहिल्या आहेत, चौथ्या क्वार्टरमध्ये तीस पॉइंटनी मागे असताना पण, कारण सार तेव्हाही कोर्टवर असायचा आणि मला त्याचे पाय पाहायचे होते. तुम्ही किती पाहिल्या ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही.

दुसरं असं की नागपूर म्हणजे तुम्हाला वाटतं संत्री, तर्री पोहे आणि क्रिकेटचं स्टेडियम. शिवाजी नगर, बजाज नगर, इकडे संध्याकाळी एक चक्कर मारा कधी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, सहा वाजले तरी सिमेंटच्या कोर्टमधून वाफा निघत असतात, तरी पोरं खेळून राहिली असतात. इथे आयांना माहीत आहे पिक-अँड-रोल (एकाने आडवं उभं राहून वाट अडवायची आणि मग बास्केटकडे पळायचं) काय असतो. गंमत म्हणून नाही सांगत, आमच्या शेजारच्या काकू मुलावर ओरडतात, “अबे हात वर ठेव, फाउल देशील!”

मी स्वतः सेंटर खेळलो. सहा फूट तीन इंच, आणि नव्वदच्या दशकातल्या नागपुरात सहा-तीन म्हणजे सेंटरच, हसू नका. सोळा ते अठरा या दोन वर्षांत मी पाच इंच वाढलो, आणि ज्याचं असं झालं नाही त्याला कळणार नाही की त्यात काय होते. काल जिथे दाराची चौकट होती तिथे आज कपाळ असते. पायऱ्या चढताना पाय कुठे पडतोय ते बघावं लागते. बॉल हातात येईपर्यंत हात कुठे गेला तेच समजत नाही, आणि लोक म्हणतात हाताला लोणी लावलंय. एकोणिसाव्या वर्षी आमच्या एका कोचने (नाव घेत नाही, वारले आता, चांगला माणूस होता) सगळ्या टीमसमोर सांगितलं की हे नुसतं झाड आहे, याची सावली पण पडत नाही. टीम हसली, मी पण हसलो. काही वर्षं कोर्टवर गेलो नाही त्यानंतर. मग तेविसाव्या वर्षी नोकरी लागल्यावर ऑफिसच्या टीममध्ये माणूस कमी होता म्हणून उतरलो आणि बाप्पा, खेळ एकदम हळू झाला होता! म्हणजे मी तोच होतो पण समोरचा गार्ड (बॉल घेऊन येणारा चपळ खेळाडू) कुठून येणार ते आधी दिसायला लागलं. कुठे उभं राहायचं ते कळायला लागलं. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, तो विषय वेगळा. पण सेंटर कळायला जी तीन वर्षं मला मिळाली ती मला माहीत आहेत कोणती होती, आणि ती एकोणीसच्या आधी नव्हती.

आणि हे मी लगेच शिकलो असंही नाही, सांगून टाकतो. २०११ मध्ये आमच्या कोर्टवर काटोलकडचा एक पोरगा यायचा, सहा-सहा, सतरा वर्षांचा, बॉल छातीला लागून खाली पडायचा त्याच्या. त्याच्या वडिलांना मीच म्हणालो होतो की भाऊ, याला अभ्यासाला बसवा. त्यांनी बसवला नाही, आणि तीन वर्षांनी तो माझ्याच डोक्यावरून हुक टाकत होता. तेव्हा मी चुकलो ते चुकलो. पण म्हणूनच आता एकोणीस-वीस वर्षांच्या सेंटरबद्दल कोणी ‘याच्यात काही नाही’ म्हणाला की मला राग येतो. तुम्ही म्हणाल हा बायस झाला. म्हणा.

उंची पाहून पाघळणारा मी नाही, हे पण ऐका. २०१५ मध्ये सतनाम सिंगला डॅलसने ५२ वा घेतला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला भारतीय, पंजाबातल्या छोट्या गावातला, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, सात फूट दोन इंच. अख्खा ग्रुप नाचत होता. मी तेव्हा म्हटलं होतं की आनंद आहेच पण हे पाय या लीगला पुरणार नाहीत, कारण लीग थ्री पॉइंटवर (लांबून टाकलेल्या, तीन पॉइंटच्या शॉटवर) चालली आहे आणि सेंटरला आता बाहेर येऊन गार्डसोबत पळावं लागते. एनबीएच्या सीझनची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही, पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. आमच्या ग्रुपमधले लोक साक्षीला आहेत, विचारा त्यांना. तेव्हा मला देशद्रोही पण म्हणून झालं होतं, त्यामानाने तुमचं ‘महाशय’ गोडच आहे.

तर मी सारमध्ये काय पाहतो? बॉल टाकणं शेवटी पाहतो. आधी पाहतो की समोरच्या गार्डने स्क्रीन (साथीदाराची आड) घेतला की हा किती मागे जातो, आणि मागे जाताना कंबर वळते का आख्खं शरीर वळते. गार्ड थांबून फ्लोटर (उंच, हलका शॉट) टाकणार की लॉब (वरून साथीदाराला पास) देणार हे दोन्ही एकाच वेळी अडवायचं असते, त्या अर्ध्या सेकंदात बहुतेक मोठी माणसं टाचेवर जातात. सार जात नाही. मग दुसरी उडी. पहिल्या उडीवर सगळेच सात फुटी ब्लॉक मारतात हो, खाली येऊन लगेच परत किती वर जाता त्यात खरी गंमत आहे. आणि तिसरं, चुकल्यावर काय करतो. पंधरापैकी शून्य झालं ना त्या दिवशी, पोर्टलंडविरुद्ध, मी पण पाहिलं, डोळ्याला त्रास झाला. पण सोळावा शॉट टाकायला तो घाबरला नसता असं मला वाटलं, आणि हे नंबरात येत नाही. त्यानंतर सीझनमध्ये तो ६७ मॅच खेळला, १३ पॉइंट, दीड ब्लॉक, ऑल-रूकी पहिल्या टीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम पाच नव्या खेळाडूंत, आला. हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

३९ टक्क्यांचं म्हणाल तर मॅचला पाचच्या आसपास थ्री टाकल्यावर टक्केवारी खाली येणारच, तेवढं तर शाळेतल्या पोराला समजते. ब्रूक लोपेझ या सेंटरने पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून तीन थ्री बास्केटमध्ये घातले, तीन, आणि नवव्या सीझनमध्ये १३४. आठ वर्षांनी कोणी म्हटलं असतं का की हा थ्री टाकेल? गोबेअरला (२७ वा, २७ वा!) पहिल्या वर्षी मॅचला दहा मिनिटंही मिळत नव्हती, डी-लीगमध्ये (एनबीएच्या खालच्या लीगमध्ये) पाठवला होता, आता चार वेळा बेस्ट डिफेंडर आहे. जर्मेन ओनील चार वर्षं पोर्टलंडच्या बेंचवर सडला, इंडियानाला गेला आणि सहा वेळा ऑल-स्टार झाला. डेन्व्हरचा सेंटर योकिच ४१ वा होता आणि टीव्हीवर त्याचं नाव आलं तेव्हा टॅको बेलची जाहिरात चालू होती. तीन एमव्हीपी, म्हणजे तीनदा सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. आता तुम्ही म्हणाल ओडेन, थबीट, डार्को पण होते, ड्राफ्टमध्ये पहिले-दुसरे घेतलेले आणि न चाललेले सेंटर. होते. ओडेनचे गुडघे गेले त्यात जज करण्याचा प्रश्नच नव्हता, बाकीच्या दोघांवर कधीतरी लिहीन.

सारचे रिबाउंड (चुकलेला बॉल पकडणं) त्या सीझनमध्ये मॅचला साडेसहा होते, चालतंय, वजन वाढेल. वाइजमन कॉलेजात फक्त तीन मॅच खेळून आला होता, सार अठराव्या वर्षी पर्थमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये धक्के खाऊन आला, तेव्हा ती तुलना मला पटत नाही, आणि त्यावर जास्त बोलायची इच्छा पण नाही.

मला राग कशाचा आला ते खरं सांगतो. मुद्दा मांडा ना, कोणी अडवलं? “मला सार पटत नाही, कारण असं असं” एवढं लिहिलं असतं तर मी चहा पाजला असता. पण तुम्हाला मुद्दा मांडायचा नव्हता, शिकवायचं होतं. सेंटर ‘कळत नसतो’ म्हणे. अबे कोणाला कळते मग? ज्यांना पगार मिळतो त्यांनीच थबीटला स्टीफ करीच्या पाच नंबर आधी घेतलं होतं ना २००९ मध्ये?

बरं, भाषा घसरली, ‘अबे’ मागे घेतो. बाकी ठेवतो.

‘आता हा ब्लॉग अनफॉलो करतो’ असं तुम्ही खालच्या दुसऱ्या कमेंटमध्ये लिहिलं आहे. तुम्ही मार्चमध्ये पण केला होता, चेट होल्मग्रेन या दुसऱ्या सेंटरवरच्या लेखावर, आणि तरी वाचून राहिलेच. नागपूरला कधी आले तर रविवारी सकाळी सहाला आम्ही दहा-बारा म्हातारे खेळतो, पत्ता मेसेज करतो. पोस्टअप (बास्केटकडे पाठ करून ढकलत जाणं) तुमचं, गुडघा माझा वाईट, त्यामुळे तुम्हाला चान्स आहे. बॉल मात्र घेऊन या, आमच्यातली हवा दर दहा मिनिटांनी जाते.