‘व्हायरस म्हणजे रोगच’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब,

चिडून का होईना, पण सविस्तर लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर लोक अंगठा टाकून पुढे जातात. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो, पोटातल्या व्हायरसांवरच्या माझ्या लेखावर डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं की व्हायरस म्हणजे रोग, विषय संपला; जे काही संशोधन आहे ते सगळं उंदरांवरचं; गंगेच्या पाण्याची गोष्ट सांगून मी अंधश्रद्धेला खतपाणी घातलंय; आणि असलं वाचून उद्या आया पोरांना रोटाव्हायरसवरच्या (पोरांना जुलाब लावणारा व्हायरस) लसीचे डोस द्यायच्या बंद होतील. शेवटी “आता व्हायरसची पावडर कधी विकायला काढताय?” हा टोला.

पावडरीचं शेवटी बघू.

आधी “व्हायरस म्हणजे रोग” हे घेऊ. आपल्या एक ग्रॅम स्टूलमध्ये, म्हणजे शीत, अब्जाच्या घरात व्हायरस असतात, तुमच्या-माझ्या, धडधाकट माणसाच्या, आणि त्यातले बहुतेक फेज, म्हणजे बॅक्टेरियांना लागणारे, आपल्या पेशींकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. 2006 मध्ये सॅन दिएगो आणि सिंगापूरच्या निरोगी लोकांच्या स्टूलमधले आरएनए व्हायरस (व्हायरसांचा एक मोठा गट) तपासले तर बहुतेक निघाले वनस्पतींचे, आणि सगळ्यात जास्त कुठला, तर मिरचीच्या झाडाला लागणारा! मिरचीतून, मसाल्यातून, सॉसमधून पोटात जातो आणि तसाच्या तसा बाहेर पडतो, इतका शाबूत की परत झाडाला लागण करू शकतो. आज सांडपाणी पाण्यात मिसळलंय का हे ओळखायला हाच मिरचीवाला व्हायरस शोधतात. आता याला रोग म्हणायचं असेल तर आपण ठेचा खाणारे सगळे आजारीच म्हणायचे.

पण म्हणून हे सगळे निरुपद्रवी आहेत असं मी म्हटलेलं नाही, आणि इथेच तुम्ही लेख घाईत वाचलात असं मला वाटतं. माझं म्हणणं एवढंच होतं की एखादा व्हायरस काय करेल हे तो कुठल्या बॅक्टेरियात शिरलाय, कुणाच्या पोटात आहे, कुठल्या वयात आलाय यावर ठरतं. तुमच्याच प्रॅक्टिसमधलं उदाहरण घ्या, कॉलरा.

तांदळाच्या पेजेसारखे जुलाब कशाने होतात हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून, त्यात बॅक्टेरिया काढून टाकलेलं नुसतं द्रव घालून दाखवलं, आतडं पाण्याने टम्म फुगलं, म्हणजे जंतू सोडतो ते विष पुरेसं आहे. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण त्या विषाचा जीन मुळात त्या जंतूचा नाहीच! 1996 मध्ये अमेरिकेतल्या वॉल्डॉर आणि मेकालानॉस यांनी दाखवलं की तो एका धाग्यासारख्या फेजचा आहे, सीटीएक्स-फाय नावाचा. आतड्याला चिकटायला कॉलऱ्याचा जंतू ज्या बारीक तंतूंचा वापर करतो तेच तंतू पकडून हा फेज आत शिरतो, जंतूच्या क्रोमोसोममध्ये जाऊन बसतो आणि बसताना विषाचा जीन सोबत आणतो. म्हणजे फेज नसेल तर तोच व्हिब्रिओ (कॉलऱ्याचा जंतू) असतो, पण कॉलऱ्याचं ते विष त्याच्याकडे नसतं. घ्या, व्हायरसमुळे रोग, तुमची बाजू मीच मांडली.

आता दुसरी बाजू. ढाक्यात साथ चालू असताना पाणी आणि रुग्णांचं स्टूल दोन्ही तपासत गेले (2005 मध्ये छापून आलंय), तर साथ वाढली तसे व्हिब्रिओला मारणारे दुसरे फेज वाढत गेले, रुग्णांच्या पोटातूनच भसाभस बाहेर पडायला लागले, आणि मग साथ ओसरली. ओसरायला दुसरी कारणंही असतातच, पण फेजचा त्यात मोठा हात दिसतो. एकाच रोगात एक व्हायरस विष पुरवतो आणि दुसरा जंतू मारतो.

ई. कोलाय ओ-157 या रक्ताचे जुलाब लावणाऱ्या बॅक्टेरियाचंही तसंच, त्याचं विष, शिगा टॉक्सिन, फेजमधूनच येतं, आणि काही अँटिबायोटिक्सनी जंतूवर ताण आला की आत झोपलेला फेज जागा होतो आणि टॉक्सिन उलट वाढतं. म्हणूनच या इन्फेक्शनमध्ये अँटिबायोटिक टाळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उंदरांचा मुद्दा. नोरोव्हायरसचा (उलट्या-जुलाब लावणाऱ्या व्हायरसांचं कुळ) प्रयोग उंदरांवरचाच आहे आणि लेखात तसं स्पष्ट लिहिलंय: 2014, न्यूयॉर्क, पोटात एकही जंतू नसलेले उंदीर, त्यांना उंदरांचा नोरोव्हायरस दिला तर आतड्याचं अस्तर आणि इम्युनिटी बऱ्यापैकी रुळावर आली, जे काम एरवी बॅक्टेरिया करतात. पण त्याआधी 2010 मध्ये, क्रोन्सशी (आतड्याला सतत सूज आणणारा आजार) जोडलेल्या एका जीनमध्ये बिघाड असलेल्या उंदरांत याच व्हायरसने क्रोन्ससारखी आतडी करून ठेवली होती, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. व्हायरस तोच, उंदीर वेगळा. माझा मुद्दा हाच तर होता.

आणि माणसांवरचं काहीच नाही हे खरं नाही हो. फिलाडेल्फियात नवजात बाळांचं बघितलं (2020), पहिल्या काळ्या शीत व्हायरस जवळपास नसतात आणि महिन्याभरात ग्रॅमला अब्ज होतात, ते बहुतेक बाळाच्या पोटात नुकत्याच वस्तीला आलेल्या बॅक्टेरियांतूनच बाहेर पडलेले फेज. माणसाच्या पेशींना लागणारे व्हायरस नंतर येतात, आणि आईचं दूध पिणाऱ्या बाळांत ते कमी सापडले. जर्मनीत कीलला 2017 मध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या हट्टी जुलाब लावणाऱ्या बॅक्टेरियाने बेजार पाच पेशंटांना निरोगी माणसाचं स्टूल बारीक फिल्टरमधून गाळून, म्हणजे बॅक्टेरिया काढून टाकून, नुसतं गाळलेलं पाणी दिलं आणि पाचही जण बरे झाले. आता पाच म्हणजे काहीच नाही, तुलनेला कंट्रोल ग्रुप नाही, शिवाय त्या पाण्यात व्हायरससोबत बॅक्टेरियांचे तुकडे, प्रोटीन सगळं होतं, त्यामुळे श्रेय फेजचं की आणखी कशाचं हे त्यावरून ठरत नाही. तसंच क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचं (मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार), अमेरिका-इंग्लंडच्या पेशंटांत बॅक्टेरियांची विविधता घटलेली आणि फेजची वाढलेली दिसली (2015), पण आधी फेज बिघडले की आधी आतडं, हे त्यातून कळत नाही. जे लोक यावरून “व्हायरसमुळे आयबीडी” (क्रोन्स आणि कोलायटिस यांचं एकत्र नाव) असे मथळे करतात त्यांच्यावर चिडा, मी तुमच्या सोबत आहे.

गंगा. हँकिन हा इंग्रज आग्र्याला होता, त्याने 1896 मध्ये छापलं की गंगा-यमुनेचं पाणी कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मारतं आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. ते फेजच होते का हे आज कुणी सिद्ध करू शकत नाही, फेज हा प्रकारच 1915-17 पर्यंत कुणाला माहिती नव्हता. पण यात पावित्र्य कुठे आलं? फेज तिथे जास्त सापडतात जिथे त्यांचं खाद्य जास्त, म्हणजे घाण जास्त. लॅबवाल्यांना नवा फेज हवा असला की ते गटाराचं पाणी आणतात. त्यामुळे माझी गोष्ट वाचून कुणी लोटाभर गंगाजल प्यायलं असेल तर त्याने ती उलटी वाचली. द’हेरेल या संशोधकाला 1917 मध्ये पॅरिसमध्ये फेज सापडले ते तरी कुठे, डिसेंट्रीतून बऱ्या होणाऱ्या पेशंटांच्या स्टूलमध्ये. पुढे 1927 मध्ये तो पंजाबात येऊन कॉलऱ्याच्या रुग्णांवर हेच वापरून गेला.

आता लसीचं, कारण तो आरोप मला सगळ्यात जास्त लागला. रोटाव्हायरस पोरं मारतो, डोस द्यायचेच, 6, 10 आणि 14 आठवड्यांना, यात चर्चा नाही. पण आपल्या सरकारी कार्यक्रमात 2016 पासून आलेली रोटाव्हॅक ही लस कुठून आली ते बघा! ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत एक रोटाव्हायरस फिरत होता, 116-ई, आणि बाळांना लागण होऊनही जुलाब होत नव्हते, उलट नंतरच्या आजारापासून बचाव होत होता. डॉ. भान आणि मंडळींनी तोच धरला आणि त्याची लस झाली. म्हणजे “पोटात व्हायरस आहे पण रोग नाही” हे कुणीतरी नीट लक्ष देऊन बघितलं म्हणून तुमच्या हातात ती बाटली आली. त्या लसीने ट्रायलमध्ये पहिल्या वर्षी गंभीर जुलाब 56 टक्क्यांनी कमी केले, युरोपात रोटाव्हायरसच्या लसींना हाच आकडा 90 च्या वर मिळाला. हा फरक का याची कारणं बरीच सांगतात, आईच्या अँटिबॉडीज, कुपोषण, आणि पोटात आधीच ठाण मांडलेले दुसरे जंतू. पोलिओच्या थेंबांचंही तेच, वेल्लोरच्या जेकब जॉन यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं की आपल्या पोरांना तेवढेच डोस पुरत नाहीत, आणि डोसच्या वेळी आतड्यात दुसरे एंटेरोव्हायरस (पोलिओच्याच कुळातले व्हायरस) असले की थेंब कमी लागू होतात. तेव्हा पोटातले व्हायरस मोजणं हे लसविरोधी नाही, लस जास्त चांगली चालावी म्हणूनच ते करावं लागतं.

राहिली पावडर. अमेरिकेत ई. कोलायवरचे फेज घातलेल्या सप्लिमेंट कॅप्सूल खरंच विकतात, आणि मी कुणालाही घ्या म्हणणार नाही. एक फेज साधारण एकाच जातीच्या, बऱ्याचदा त्यातल्याही मोजक्या स्ट्रेनना (उपप्रकारांना) धरतो, तो स्ट्रेन तुमच्या पोटात नसेल तर पैसे गटारात. जॉर्जिया देशात त्बिलिसीची एलियावा इन्स्टिट्यूट 1923 पासून या कामात आहे, तिथे आधी पेशंटचा जंतू वाढवतात, त्यावर कुठला फेज चालतो ते बघतात आणि मगच देतात. दुकानातल्या डबीत हे होत नाही.